कुठला गोल्डनरॉड, कुठल्या जागी

सप्टेंबर लागला की अमेरिकेच्या ईशान्येकडच्या राज्यांत रस्त्यांच्या कडा पिवळ्या होतात. महामार्गाचे उतार, रेल्वेच्या रुळांलगतची पडीक जमीन, पेरायचं सोडून दिलेली शेतं, दुकानांच्या पार्किंगमागचे कोपरे, सगळीकडे गोल्डनरॉड. इकडच्या मराठी घरांत त्याच सुमाराला गौरी-गणपती असतात. दूर्वा कुठे मिळतील, पत्रीत काय काय चालेल याची फोनाफोनी चालू असते. झेंडू भारतीय दुकानातून चढ्या भावानं येतो. कुंपणापलीकडच्या पिवळ्या फुलाकडे कोणी ढुंकून बघत नाही. बघितलंच तर ‘अ‍ॅलर्जीचं तण’ म्हणून ते बाजूला सारलं जातं. आणि याच फुलाच्या लांब दांड्या पुण्या-मुंबईच्या फूलबाजारात जुडीनं विकल्या जातात. महाराष्ट्रातले शेतकरी त्याची लागवड करतात, गुलाब-जरबेराच्या गुच्छात भरीला त्याचेच तुरे असतात. तिथे दाम मोजून घेतलेलं फूल इथे फुकट उगवतं म्हणून कवडीमोल ठरतं.

या पुस्तकाचा विषय एवढाच आहे: गोल्डनरॉड घरच्या बागेत लावावा का, लावायचा तर कुठला, तो आवरायचा कसा, आणि लावल्यावर त्यावर कोणकोण येतं. ऐकायला विषय लहान वाटतो. पण गेल्या दीडशे वर्षांत अमेरिकेत बागेवरून जे वाद झाले, त्यांतल्या जवळजवळ प्रत्येकात हे रोप कुठे ना कुठे उभं आहे. त्या वादांची वाट आधी दाखवली, तर लेखिका त्यात कुठे उभ्या आहेत ते नव्या वाचकाला लगेच कळेल.

अ‍ॅलर्जीचं मात्र आधीच निकालात काढू. तो गैरसमज गेल्याशिवाय पुढचं कोणी वाचणार नाही. ऑगस्टच्या मध्यापासून इकडे शिंकांची जी साथ येते, तिचा खरा कर्ता रॅगवीड. त्याची फुलं हिरवट, बारीक, नजरेत न भरणारी. कीटकांना बोलवायचंच नसल्यामुळे त्याला रंगाची गरज पडत नाही. तो परागकण वाऱ्यावर सोडतो, एकेका झाडावरून कोट्यवधी, आणि ते मैलोन्‌मैल जातात. गोल्डनरॉड नेमका त्याच आठवड्यांत फुलतो आणि पिवळाधमक असल्यामुळे आळ त्याच्यावर येतो. त्याचे परागकण जड आणि चिकट, कीटकाच्या अंगाला लागून जाणारे. सतत दांड्या हाताळणाऱ्या फूलवाल्यांपैकी काहींच्या त्वचेला त्रास होतो हे खरं, पण रस्त्यानं जाणाऱ्याच्या शिंकेशी त्याचा संबंध नाही. रॅगवीड म्हणजे कोण हे मराठी वाचकाला चटकन कळेल: आपल्या गाजर गवताचा तो जवळचा नातेवाईक. १९५०च्या दशकात पुण्यात लोकांच्या नजरेत आलेलं आणि मग देशभर पसरलेलं गाजर गवतही अमेरिका खंडातूनच आलं. ही गोष्ट पुढे एकदा लागणार आहे.

गोल्डनरॉड दिसतो कसा, या प्रश्नाला एक उत्तर नाही, आणि सगळा घोटाळा तिथूनच सुरू होतो. लिनीअसनं १७५३मध्ये सॉलिडॅगो हे नाव दिलेल्या या प्रजातीत शंभरावर जाती आहेत. बहुतेक सगळ्या उत्तर अमेरिकेतल्या, युरोप-आशियात मोजक्या. कूळ सूर्यफुलाचं, म्हणजे शेवंतीचं, झेंडूचं आणि सह्याद्रीच्या पठारांवरच्या सोनकीचंही. रस्त्याकडेला दिसतो तो बहुधा उंच गोल्डनरॉड किंवा कॅनडा गोल्डनरॉड: पुरुषभर उंच, जमिनीखालून आडवी खोडं पळवत जाणारा, एकदा बसला की अख्खं रान व्यापणारा. लोकांच्या मनातला गोल्डनरॉड तोच. पण समुद्रकाठच्या वाळूत, खाऱ्या वाऱ्यात, जाड चकचकीत पानांचा सीसाइड गोल्डनरॉड असतो. गर्द झाडीच्या सावलीत निळसर खोडाचा ब्लूस्टेम असतो, ज्याची फुलं शेंड्याला न येता पानांच्या बगलांत ओळीनं येतात, आणि त्याच्याच शेजारी नागमोडी खोडाचा झिगझॅग. मुरमाड, निकस जमिनीत जेमतेम गुडघ्याएवढा होणारा ग्रे गोल्डनरॉड; प्रेअरीच्या गवताळ रानात सपाट माथ्याचा, ताठ उभा राहणारा स्टिफ गोल्डनरॉड. एक जात पांढऱ्या फुलांची आहे. एकीची पानं चुरगळली की बडीशेपेचा वास येतो. १७७३ साली बोस्टनच्या बंदरात चहाच्या पेट्या बुडवल्यावर वसाहतींतले लोक तिच्या पानांचा चहा पीत असत, असं सांगतात. आणि केंटकी-इंडियानातला शॉर्ट्‌स गोल्डनरॉड इतका दुर्मीळ की १९८५पासून तो संकटग्रस्त वनस्पतींच्या केंद्रीय यादीत आहे. एक भाऊ ट्रॅक्टरनं उपटला जातो, दुसऱ्याला कायद्याचं संरक्षण आहे. ‘मी गोल्डनरॉड लावला आणि पस्तावलो’ असं कोणी म्हणालं की लेखिका पहिला प्रश्न विचारतात, कुठला? तो प्रश्न हाच या पुस्तकाचा कणा आहे.

एक तुरा तोडून भिंगाखाली धरला तर आणखी एक गोष्ट दिसते. ज्याला आपण फूल म्हणतो तो पिवळा ठिपका म्हणजे फुलांचा गुच्छ असतो. मध्ये मूठभर नळीदार फुलं, भोवती पाकळीवजा चपटी मादी फुलं, आणि असे शेकडो गुच्छ एकेका फांदीवर. मध अगदी वरवर असतो, त्यामुळे लांब सोंड लागत नाही. मोठ्या भुंग्यापासून डासाएवढ्या माशीपर्यंत कोणालाही बसून खाता येतं. ताटात हात घालायला इथे कोणाला मज्जाव नाही. बहुतेक जातींत स्वतःच्या परागानं बी धरत नाही, दुसऱ्या रोपाचा लागतो. एका मुळातून पसरलेलं पिवळं रान बाहेरून कितीही दाट दिसलं, तरी बियांसाठी ते येणाऱ्या-जाणाऱ्या कीटकांवर अवलंबून असतं.

आता इतिहास. इथल्या आदिवासी जमातींत, ओजिब्वे आणि चेरोकींसकट, या रोपाचे औषधी वापर जुने आहेत. युरोपीय लोकांनी ते सतराव्या शतकातच इंग्लंडला नेलं, आणि तिथल्या बागांत ते मानानं वाढलं. १८७०मध्ये विल्यम रॉबिन्सननं ‘द वाइल्ड गार्डन’ लिहिलं तेव्हा त्याची गोल्डनरॉडबद्दलची तक्रार आजच्यासारखीच होती: सुबक वाफ्यात हे शेजाऱ्यांना खाऊन टाकतं, रानवट कोपऱ्यात मोकळं सोडा. पुढे युरोपातल्या संकरकारांनी त्याचे बुटके, गच्च तुऱ्यांचे वाण काढले. १९१०च्या सुमारास फ्रान्समध्ये लियोंच्या एका रोपवाटिकेत एक फिकट पिवळा संकर निघाला, तो सॉलिडास्टर नावानं फूलबाजारात अजून आहे. हे वाण मग अमेरिकेत परत आले. आपल्याच रस्त्यावरचं फूल इथल्या बागवानांनी परदेशी कॅटलॉगमधून विकत घेतलं, हा विनोद लेखिका फार रंगवत नाहीत. मी असतो तर रंगवला असता.

मायदेशी मान-अपमान आलटून पालटून वाट्याला आले. नेब्रास्कानं १८९५मध्ये त्याला राज्यपुष्प केलं, केंटकीनं १९२६मध्ये. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीला राष्ट्रीय फूल म्हणूनही त्याचं नाव चर्चेत होतं. ते पद १९८६मध्ये गुलाबाला मिळालं. अलाबामानं १९२७मध्ये गोल्डनरॉडला राज्यपुष्प केलं आणि १९५९मध्ये ते काढून कॅमेलियाला दिलं, कारण तण कसलं मिरवायचं, असं तिथल्या काही बागप्रेमी स्त्रियांचं म्हणणं पडलं. कॅमेलिया मूळची पूर्व आशियातली. म्हणजे परकी पण देखणी ती आपली, आणि बांधावरचं ते परकं. महाराष्ट्रातल्या माणसानं यावर हसू नये. दसऱ्याचा झेंडू मेक्सिकोचा आणि शेवंती चीनकडची आहे.

एडिसनची गोष्ट मराठी वाचकांसाठी खास सांगायला हवी. रबर परदेशातून येतं, युद्धात ते बंद पडलं तर काय, या काळजीपोटी १९२७मध्ये थॉमस एडिसननं हेन्री फोर्ड आणि हार्वी फायरस्टोन यांच्याबरोबर एक संशोधन संस्था काढली. फ्लोरिडातल्या फोर्ट मायर्सला वनस्पतींचे सुमारे १७,००० नमुने तपासून झाल्यावर त्याची निवड ठरली ती गोल्डनरॉडवर. निवडीतून त्यानं बारा फूट उंचीचं, पानांत भरपूर रबर असलेलं रोप तयार केलं. १९३१मध्ये तो गेला. पुढे कृत्रिम रबर आलं आणि सगळं थांबलं. न्यू जर्सीतल्या ज्या एडिसन गावात आज मराठी मंडळींची इतकी घरं आहेत, त्याला १९५४मध्ये या माणसाचं नाव दिलं गेलं. त्या गावच्या रस्त्यांच्या कडेलाही गोल्डनरॉड आहे. त्याच्यात एडिसननं काय पाहिलं हे तिथे कोणाला ठाऊक असेल असं वाटत नाही.

बागेच्या बाजूनं पाहिलं तर विसाव्या शतकात दोन वेगळ्या वाटा फुटल्या. पहिली प्रेअरीची. शिकागोच्या परिसरात जेन्स जेन्सननं देशी झाडाफुलांच्या बागा आखल्या. १९३०च्या दशकात विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या वनस्पतिउद्यानात, अल्डो लिओपोल्ड ज्यांच्यात होता त्या मंडळींनी, नांगरून संपलेल्या जमिनीवर प्रेअरी पुन्हा उभी करायला घेतली. ‘निसर्ग राखणं’ याच्या पुढे जाऊन ‘निसर्ग पुन्हा पेरणं’ ही कल्पना तिथे जमिनीवर उतरली. त्याच राज्यात १९७०च्या दशकात लॉरी ओटो आणि तिच्यापासून स्फूर्ती घेतलेले लोक घरासमोरच्या लॉनविरुद्ध उभे राहिले. ‘वाइल्ड वन्स’ ही संघटना त्यातून निघाली. गवत कापलं नाही म्हणून नगरपालिकेच्या नोटिसा यायच्या त्या काळात त्यांनी अंगणात गोल्डनरॉड आणि अ‍ॅस्टर वाढवले.

दुसरी वाट रचनाकारांची. डच बागकार पिएट आउडोल्फ आणि त्याच्या प्रवाहातल्या लोकांनी वाळलेल्या खोडांपर्यंत सगळं रोप सुंदर मानलं. शिकागोची ल्युरी गार्डन २००४मध्ये झाली, न्यूयॉर्कची हाय लाइन २००९मध्ये, आणि रानफुलं मुद्दाम जाऊन बघायची वस्तू झाली. नॉर्थ कॅरोलिनात सापडलेला ‘फायरवर्क्स’ हा खरबरीत पानांच्या गोल्डनरॉडचा वाण, ज्याचे तुरे आतषबाजीसारखे चहूकडे फेकलेले असतात, १९९०च्या दशकात रोपवाटिकांत आला. नाक मुरडणाऱ्यांनी गोल्डनरॉड पहिल्यांदा विकत घेतला तो बहुधा हाच.

आणि मग तिसरी वाट निघाली: २००७मध्ये डेलावेअर विद्यापीठातल्या डग्लस टॅलमींचं ‘ब्रिंगिंग नेचर होम’ आलं. टॅलमी कीटकशास्त्रज्ञ. त्यांनी प्रश्नच बदलला. ही बाग दिसते कशी, असं न विचारता त्यांनी विचारलं, ही बाग खातं कोण? चिकडी नावाच्या चिमणीएवढ्या पक्ष्याला एक वीण वाढवायला सहा ते नऊ हजार अळ्या लागतात. त्या अळ्या बहुतेक करून देशी झाडांवरच वाढतात, कारण पानांतल्या विषांशी जुळवून घ्यायला कीटकांना फार मोठा काळ लागतो. टॅलमी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पूर्वेकडच्या मध्य-अटलांटिक राज्यांतल्या रोपांची मोजदाद केली, तेव्हा फुलझाडांत पहिला क्रमांक गोल्डनरॉडचा आला: फुलपाखरं आणि पतंगांच्या ११५ जातींच्या अळ्या. त्याआधीच न्यूयॉर्कमधल्या कॉर्नेल विद्यापीठात रिचर्ड रूट यांनी एकट्या उंच गोल्डनरॉडवर पोट भरणाऱ्या कीटकांच्या शंभराहून अधिक जाती नोंदवल्या होत्या. पानाला पडलेलं भोक हा बागेचा दोष राहिला नाही. ते एका अळीचं जेवण झालं.

या तिन्ही वाटांचे लोक आज एकमेकांशी भांडतात, आणि नवख्याला ती भांडणं आधी ठाऊक असलेली बरी. शुद्धतावादी म्हणतात, बी आपल्याच परिसरातलं हवं, शेजारच्या राज्यातलंही नको. रचनाकार म्हणतात, शेजाऱ्यांना बाग आवडली नाही तर ती पाच वर्षंही टिकणार नाही. मधोमध वाद आहे देशी रोपांच्या निवडक वाणांचा: त्यांना देशी म्हणायचं का? व्हर्मोंट विद्यापीठात अ‍ॅनी व्हाइट यांनी देशी रोपं आणि त्यांचे वाण शेजारी लावून पाहिले, तर उत्तर प्रत्येक रोपागणिक निराळं आलं. काही वाणांवर कीटक तितकेच, काहींवर खूपच कमी, विशेषतः फुलाची घडणच बदललेली असेल तेव्हा. माझं मत विचाराल तर ‘फायरवर्क्स’ खुशाल लावावा. त्याची फुलं रानातल्यासारखीच आहेत, फक्त मांडणी निराळी आहे, आणि तो मोजक्या वेगानं पसरतो. लेखिका माझ्यापेक्षा कडक आहेत. बियांपासून वाढलेल्या रोपांतली विविधता त्या हातची घालवत नाहीत. त्यांचा मुद्दा शास्त्राला धरून आहे. पण जिच्या समोरच्या वाफ्यावर गृहसंकुलाच्या समितीची नजर आहे त्या घरमालकिणीला त्या जरा घाई करतात, असं मला वाटतं. लँडस्केपच्या अभ्यासक जोन नासॉअर यांनी १९९५च्या एका निबंधात यावर तोडगा सांगितला होता: आतला पसारा रानाचा असू दे, पण त्याची चौकट नीटनेटकी हवी. कडेला कापलेल्या गवताचा पट्टा, एखादी पाटी, दगडाची कड. मग लोक त्याला तण म्हणत नाहीत. पुस्तकातला समोरच्या अंगणाचा भाग याच समजुतीवर उभा आहे.

कायदाही हळूहळू या बाजूला सरकतो आहे. मेरीलँडनं २०२१मध्ये आणि इलिनॉयनं २०२४मध्ये कायदे करून गृहसंकुलांना देशी रोपांच्या बागांवर सरसकट बंदी घालायला मनाई केली. नगरपालिकेचे उंचीचे नियम मात्र गावोगावी वेगळे आहेत, ते आधी बघून घ्यावेत.

पुस्तकातला मला सगळ्यांत आवडलेला भाग फुलाबद्दलचा नाही, खोडावरच्या गाठीबद्दलचा आहे. हिवाळ्यात उंच गोल्डनरॉडच्या वाळक्या खोडावर मधेच सुपारीएवढी गोल गाठ दिसते. युरोस्टा नावाच्या, पंखांवर नक्षी असलेल्या एका माशीचं ते काम. वसंतात मादी कोवळ्या शेंड्यात अंडं घालते. अळी खोडात शिरते आणि रोप तिच्याभोवती गाठ वाढवतं. भिंतही रोपाची, अन्नही रोपाचं. शरदात अळी एक विलक्षण काम करते. प्रौढ माशीला चावायला जबडा नसतो, म्हणून अळी असतानाच ती गाठीच्या आतून बाहेरच्या सालीपर्यंत बोगदा कोरते आणि शेवटचा पातळ पापुद्रा तेवढा ठेवते. मग शरीरात ग्लिसरॉल आणि सॉर्बिटॉल साठवून ती हिवाळाभर अक्षरशः गोठते, आणि तरी मरत नाही. वसंतात माशी डोक्यावरची एक पिशवी फुगवून तो पापुद्रा फोडते, बाहेर पडते, आणि जेमतेम दोन आठवडे जगते. पेनसिल्व्हेनियातल्या बकनेल विद्यापीठात वॉरन अब्राहमसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या गाठींवर वर्षानुवर्षं काम केलं. लहान गाठींत एक गांधीलमाशी बाहेरून नांगी खुपसून अंडं घालते, कारण मोठ्या गाठीच्या जाड भिंतीतून तिची नांगी आत पोचत नाही. मोठ्या गाठी डाउनी सुतारपक्षी आणि चिकडी फोडतात. त्यामुळे मधल्या आकाराच्या गाठींतल्या अळ्या जास्त वाचतात. नैसर्गिक निवड शिकवताना हे उदाहरण दिलं जातं, आणि ते बघायला प्रयोगशाळा लागत नाही. सुतारपक्ष्याचं भोक निमुळतं आणि साफ, चिकडीचं ओबडधोबड. फेब्रुवारीत मुलांना घेऊन कुठल्याही पडीक शेतात जा, दोन्ही सापडतील. ऑक्टोबरातच बाग ‘साफ’ करून ज्यांनी खोडं कापून पिशव्यांत भरली, त्यांच्याकडे काहीच सापडणार नाही.

हे आत्ताच का वाचायचं? एक कारण वेळापत्रकाचं आहे. उन्हाळी फुलं संपल्यावर आणि थंडी पडण्याआधी जे पाच-सहा आठवडे असतात, तेव्हा इथल्या कीटकांची भिस्त गोल्डनरॉड आणि अ‍ॅस्टरवर असते. पुढच्या वर्षीच्या बंबलबी राण्या याच दिवसांत अंगावर चरबी चढवतात. वसाहतीतले बाकी सगळे मरतात आणि त्या एकट्या जमिनीत हिवाळा काढतात. न्यू जर्सीच्या केप मेला दक्षिणेकडे निघालेली मोनार्क फुलपाखरं किनाऱ्यावरच्या सीसाइड गोल्डनरॉडवर उतरतात आणि मेक्सिकोच्या वाटेसाठी पोटं भरतात. काही देशी मधमाश्यांना तर पर्यायच नाही. अँड्रिना आणि कोलेटिस या प्रजातींतल्या काही जाती आपल्या पिल्लांसाठी याच कुळातल्या शरदाच्या फुलांचा पराग गोळा करतात. फुलं नसतील तर त्याही नाहीत. आपण पोळ्यातला मध खातो ती मधमाशी इथली नव्हेच, सतराव्या शतकात ती युरोपातून आली. तीही याच फुलांवर हिवाळ्याची बेगमी करते, आणि त्या दिवसांत पोळ्याला जुन्या मोज्यांसारखा वास येतो असं इथले मधपाळ हसत सांगतात. पण बागेची जास्त गरज आहे ती आपापल्या बिळात एकट्या राहणाऱ्या देशी माश्यांना.

दुसरं कारण कमी आशादायक. २०१६मध्ये लुईस झिस्का आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्मिथसोनियन संस्थेच्या संग्रहातले १८४२पासूनचे गोल्डनरॉडचे वाळलेले नमुने तपासले. हवेतला कार्बन डायऑक्साइड जसा वाढला तसं परागातलं प्रथिनांचं प्रमाण सुमारे एक तृतीयांशानं घटलेलं आढळलं. फुलं तितकीच, पिवळेपणा तितकाच, आतलं पोषण मात्र कमी. एका वाफ्यानं यावर इलाज होत नाही, आणि लेखिका तसा दावा करत नाहीत हे मला बरं वाटलं. २०१७मध्ये तांबड्या ठिपक्याची रस्टी पॅच्ड बंबलबी संकटग्रस्त यादीत गेली, त्यामागे कीटकनाशकं आणि रोगही आहेत. पण भुकेची बाजू तरी बागेच्या हातात आहे.

आता गाजर गवताकडे परत. हाच कॅनडा गोल्डनरॉड १९३५च्या सुमारास शोभेचं फूल म्हणून शांघायला गेला आणि आज चीनमधल्या सगळ्यांत उपद्रवी तणांत मोजला जातो. जपानात त्याचा उंच भाऊ नदीकाठ व्यापून आहे. मध्य युरोपातल्या ओसाड शेतांत तो देशी गवतं दाबून टाकतो. इथे ज्यांनी त्याला शतकानुशतकं कुरतडलं ते किडे, माश्या आणि बुरशी तिथे नाहीत. आपल्याकडे गाजर गवताला मोकळं रान मिळालं त्यालाही हेच कारण. म्हणून तर मेक्सिकोतून त्याचे भुंगेरे आणून सोडावे लागले. देशी असणं हा रोपाचा गुण नाही, ते रोप आणि जागा यांच्यातलं नातं आहे. म्हणून हे पुस्तक वाचून महाराष्ट्रातल्या कोणी अंगणात गोल्डनरॉड लावायला निघू नये. फूलबाजारासाठी शेतात होणारी लागवड ही वेगळी गोष्ट. बागेतल्या कीटकांसाठी काही लावायचं तर आपल्याकडे सोनकी आहे, तेरडा आहे, कारवी आहे. त्यांच्यावर असं पुस्तक कोणी लिहिलं तर त्याचीही प्रस्तावना मी आनंदानं लिहीन.

लागवडीबद्दल मी थोडकंच सांगतो, तपशील पुस्तकात आहे. नवख्यानं गड्ड्यानं वाढणाऱ्या जातींपासून सुरुवात करावी: उन्हात शोई किंवा स्टिफ, कोरड्या जागी ग्रे, झाडाखाली ब्लूस्टेम. उंच आणि कॅनडा जाती मोठं मोकळं रान असेल तरच. छोट्या वाफ्यात त्यांना जागा देणं म्हणजे शेजारच्या रोपांवर अन्याय. खत घालू नये. मराठी बागकामाच्या सवयीला हे जड जातं. शेणखत घातल्याशिवाय आपला हात थांबत नाही. पण सकस जमिनीत गोल्डनरॉड अवाच्या सवा वाढतो आणि फुलायच्या वेळी आडवा होतो. जूनच्या सुरुवातीला शेंडे अर्ध्यावर कापले तर रोप बुटकं आणि दाट राहतं, फुलायला थोडा उशीर होतो इतकंच. बियांना थंडी लागते आणि उजेडही, म्हणून ती डिसेंबरात उघड्या ट्रेमध्ये वरवर टाकून बाहेर ठेवायची, मातीखाली पुरायची नाहीत. वाळलेली खोडं वसंतापर्यंत उभी ठेवायची, आणि कापली तरी फूट-दीड फूट ठेवून. पोकळ झालेल्या त्या खुंटांत काही लहान माश्या घरं करतात. जांभळे अ‍ॅस्टर मात्र जवळ हवेतच. पोटावाटोमी समाजातल्या वनस्पतिशास्त्रज्ञ रॉबिन वॉल किमरर यांनी ‘ब्रेडिंग स्वीटग्रास’मध्ये याच जोडीवर लिहिलं आहे: ही दोन फुलं एकत्र इतकी सुंदर का दिसतात, हा कॉलेजात जाताना त्यांनी विचारलेला प्रश्न होता.

लेखिकेनं हे सगळं वनस्पतिशास्त्राच्या परिभाषेत न अडकता, पण तिला बगल न देता लिहिलं आहे. प्रत्येक जातीचं शास्त्रीय नाव दिलं आहे आणि ते पाठ करण्याचा आग्रह धरला आहे, कारण रोपवाटिकेच्या पाटीवर नुसतं ‘गोल्डनरॉड’ असेल तर काय हाती लागेल याचा भरवसा नाही. रानातून रोपं उपटून आणू नयेत हेही त्या पुन्हापुन्हा बजावतात. पुस्तकाचा भर पूर्व किनारा आणि मध्य-पश्चिमेवर आहे. टेक्सास, कॅलिफोर्निया किंवा डोंगराळ पश्चिमेतल्या वाचकांना जातींची यादी बदलून घ्यावी लागेल. कॅलिफोर्नियाचा स्वतःचा गोल्डनरॉड आहे आणि कोरड्या उन्हाळ्यात तो इकडच्यांपेक्षा चांगला टिकतो. तेवढा एक बदल केला की निवड, छाटणी आणि हिवाळ्यातली खोडं याबद्दलचं बाकीचं सगळं तिथेही जसंच्या तसं लागू पडतं.